मंगळवार, शुक्रवार

पहिल्यांदा कळलं ते स्कूटरवर.
दांडिया बाजारातून निघून लाल कोर्टापाशी
गतिरोधकावर आदळले
आणि बसल्या जागी दात आवळले.
वाटलं, सीट उसवली असेल.
उतरून हात फिरवला. सीट शाबूत होती.

मग लघवीची आग.
तीनदा तपासणी, तिन्ही वेळा कागद स्वच्छ,
तरी दोनदा गोळ्या.
कुणी म्हणालं उष्णता आहे, सब्जा घे,
कुणी जव उकळायला सांगितले.
सगळं प्यायले.
सुगंधी साबण आणला, तो तर आगीत तेल.

रात्री श्रीरंगचा हात आला
की मी भिंतीकडे कूस बदलायची.
एकदा नाही बदलली,
तर पापड मोडावा तसं
नाही, उपमा नको.
दुखलं.
सकाळी कपड्यावर रक्ताचा ठिपका,
पाळी जाऊन दोन वर्षं झाल्यावर.

मी पाणीखात्यात आहे, एकोणतीस वर्षं.
रोज सकाळी फोनवरून आजव्याची पातळी घेते,
फूट आणि दशांश, वहीत मांडते.
त्यामुळे कुणी बाईला आटलेला झरा वगैरे म्हणालं
की मला हसू येतं.
आटलेलं तळं मी पाहिलंय:
तडे, शिंपले, एखादी उलटी चप्पल.
हे तसं नाही.
हे आतल्या कातडीचं पातळ होणं,
धुऊन धुऊन विरलेल्या पलंगपोसासारखं.
(पुन्हा उपमा. असो.)

मराठीत सांगायला शब्द नव्हता.
आई ‘तिथे’ म्हणायची,
सासूबाई तेवढंही नाही.
डॉक्टर बिजल पारेख, माझ्या भाचीच्या वयाची,
हातमोजे काढता काढता म्हणाली,
“सूकुं लागे छे ने, मासी?”
आणि मी घडाघडा सगळं सांगितलं, गुजरातीत.
दूधवाल्याशी, रिक्षावाल्याशी
जन्मभर बोलले ती भाषा;
तिच्यात लाजायला
मला कुणी शिकवलंच नव्हतं.

ठिपक्यासाठी तिने सोनोग्राफी करवली.
काही निघालं नाही.
मग चिठ्ठी: मलम, नळीने आत,
दोन आठवडे रोज, पुढे आठवड्यातून दोनदा.
जवळ येताना वेगळी जेल.
साबण बंद, नुसतं पाणी.
“पहेलां केम ना आव्यां?”
मी पर्सची चेन उघडली, लावली.

रावपुऱ्यातला औषधवाला ओळखीचा,
सासऱ्यांच्या तेराव्याला जेवून गेलेला.
म्हणून अलकापुरीपर्यंत गेले,
गतिरोधक मोजत. सात.
तिथल्या पोराने ट्यूब काळ्या पिशवीत घातली.
मी बाहेर काढली, पिशवी परत दिली.
हे काही धाडस नव्हे,
पर्समध्ये जागा होती.

श्रीरंगच्या हातात माहितीपत्रक दिलं.
चष्मा लावून, लाईटबिल वाचावं तसं
दोन्ही बाजूंनी वाचलं त्याने.
“मला वाटलं तू रागावलीस,” म्हणाला.
“वर्षभर आठवत होतो, कशावरून.”

सहा-सात आठवडे गेले.
चमत्कार वगैरे काही नाही.
स्कूटरवर बसते, इतकंच,
आणि कूस कधी भिंतीकडे, कधी त्याच्याकडे.

कॅलेंडरवर मंगळवार-शुक्रवारी टिंबं करते,
विसरायला होतं म्हणून.
परवा कुमुदवन्सं आल्या,
टिंबं बोटाने मोजून म्हणाल्या,
“दोन-दोन वार? कसला गं उपास?
निर्जळी की काय?”
“नाही हो वन्सं,” म्हटलं, “उलटच.”
चहा ठेवला.
मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला;
वळून पाहिलं तर
त्या एका मांडीवर भार देऊन
कलून बसल्या होत्या,
दात आवळून.

मी गॅस बारीक केला.